गर्दीतला कोट

१

तिनार कार्यक्रमाला सगळ्यांच्या आधी पोहोचायचा. लोकांना वाटायचं, काय हौस आहे या माणसाला. हौस वगैरे काही नव्हती, कॅमेऱ्याची काच होती. बिश्केकच्या जानेवारीतून कॅमेरा एकदम उबदार तळघरात आणला की काचेवर धुकं धरतं, आणि पुसाल तितकं पुन्हा धरतं. म्हणून तो बराच आधी येऊन कॅमेरा भिंतीतल्या फळीवर ठेवायचा आणि शेजारी स्टूल ओढून बसायचा. काच निवळेपर्यंत दोघांनाही काही काम नसायचं.

त्या जागेला सगळे 'बॉयलर' म्हणायचे. वरच्या इमारती तापवणारी भट्टी एके काळी तिथे होती. भट्टी गेली, नळ राहिले. माणसाच्या मांडीएवढे जाड नळ भिंतीभिंतीने फिरायचे, त्यांतून अजून गरम पाणी जायचं, आणि कुणी बोलत नसलं की त्यांचा बारीक हुंकार ऐकू यायचा. बसायला दोन बाकं, वाजवायला वीतभर उंचीचा चौथरा आणि उजेड म्हणाल तर तीन लाल दिवे. डास मारायलाही पुरला नसता, इतका.

जिन्याच्या तळाशी, आत शिरण्याआधी, रईसा-आपाची खिडकी होती. बर्फातून आलेल्या माणसाने कोट तिच्याकडे टांगायचा, पितळी बिल्ला घ्यायचा आणि मगच आत जायचं. हा नियम शहरभर सगळीकडेच असतो, पण रईसा-आपाच्या खिडकीवर तो नियम राहिला नव्हता, धर्म झाला होता.

"ते यंत्रही टांग की इथे," ती त्याला दर वेळी म्हणायची. "त्यालाही बिल्ला देते."

"त्याला थंडी वाजते, आपा."

"आणि तुला वाजत नाही वाटतं? घरी शेवटचं गरमागरम कधी जेवलास?"

बायको बुरुल दीड वर्षापूर्वी रशियात कामाला गेल्यापासून तिनारला हा प्रश्न सगळेच विचारायचे. तो हसून सोडून द्यायचा. विचारणाऱ्यांनाही उत्तर नकोच असायचं.

त्याची फोटो काढायची रीत ठरलेली होती. झोत मारून फोटो काढणाऱ्यांची त्याला मनापासून चीड यायची. तो पाठ नळाला टेकवायचा, कोपरं बरगड्यांशी घट्ट आवळायचा, श्वास रोखायचा आणि कॅमेऱ्याचा डोळा चांगला अर्धा सेकंद उघडा ठेवायचा. एवढ्या वेळात गाणारा, नाचणारा, उड्या मारणारा जो तो पुसट होतो, ओल्या रंगावरून हात फिरवल्यासारखा. रेखीव येतं ते फक्त न हलणारं: माइकची दांडी, नळ, भिंतीतला एखादा खिळा. ते पुसटपणच बँडवाल्यांना आवडायचं. 'आमचा आवाज दिसतो तुझ्या फोटोत,' असं 'कारा-तूझ' बँडचा गायक बेकझात म्हणायचा. बेकझात तिनारच्याच गावचा, नारीनकडचा. लहानपणी तिनारच्या घरची कढई चाटून वाढलेला.

त्या शुक्रवारी कारा-तूझने तळघर डोक्यावर घेतलं. तिनारने पोटभर फोटो काढले, घरी आला आणि झोपला. सकाळी स्वयंपाकघरात चहाचा वाडगा घेऊन तो फोटो बघायला बसला.

एका फोटोत सगळी गर्दी एकदम उडी मारत होती. चेहरे नव्हतेच, नुसते फराटे. त्या फराट्यांच्या मधोमध एक पाठ उभी होती, खिळ्याइतकी रेखीव. खांदे, उभी केलेली कॉलर, डोक्याला गुंडाळलेला रुमाल, सगळं स्पष्ट.

तिच्या अंगात कोट होता.

२

माणूस स्थिर उभा राहू शकतो, तिनारने स्वतःला समजावलं. पण चहूबाजूंनी पोरं धक्के देत असताना? उडी मारणाऱ्यांच्या मधे उभं राहून बघा, तुमची इच्छा असो नसो, जमीनच तुम्हाला हलवते. आणि त्या घामाघूम गर्दीत जाड लोकरीचा कोट घालून? त्याने मागचापुढचा फोटो पाहिला. मागच्यात ती नव्हती. पुढच्यातही नव्हती.

पुढच्या कार्यक्रमाला तो रईसा-आपाच्या खिडकीशी थांबला.

"आपा, शुक्रवारी कोट घालून कुणाला आत सोडलंस?"

"मी?" रईसा-आपाने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "अरे, मागे एकदा आग विझवणारे आले, त्यांचे कोट काढून घेतले मी. या खिडकीवरून आजवर एकच बाई कोटासकट आत गेली. तुझी बायको. तीही दारापर्यंतच. म्हणायची, 'लगेच निघणार आहोत आपा, कशाला काढू?' आणि मग तुझं एक मिनिट काही संपायचं नाही. उभी आपली बिचारी..."

बिल्ले गोळा करून रईसा-आपाने पुन्हा मांडले. ते आधीच नीट मांडलेले होते.

"जा आत," ती म्हणाली. "काच निवळली असेल तुझी."

तिनार आत जाऊन फळीशेजारी बसला. आपा म्हणाली ते खरंच होतं. बुरुलला हा गोंगाट सोसायचा नाही, पण ती त्याला न्यायला यायची, दाराच्या आत पाठीला भिंत लावून उभी राहायची. तो कॅमेऱ्याआडूनच तिला बोट दाखवायचा: एक मिनिट, आलोच. आणि पुढचं गाणं सुरू व्हायचं. ती कधी भांडली नाही. जाताना विमानतळावर एवढंच म्हणाली, "तिथे निदान कुणाची वाट तरी बघायला नको."

त्या संध्याकाळी तो फोटो काढता काढता मधेच कॅमेरा खाली करून गर्दी न्याहाळत होता. पोरं होती, पोरी होत्या, उघडे दंड, भिजलेले सदरे. कोट कुठेच नव्हता. त्याला बरं वाटलं. स्वतःचं हसूही आलं.

सकाळी फोटोत ती होती. या खेपेला आणखी अलीकडे, आणि पाठ थोडी वळलेली. एक गाल दिसत होता, म्हणजे गालाची नुसती कड. कोटाच्या लोकरीचे तंतू दिसावेत इतकी ती स्पष्ट आली होती. तिला खेटून नाचणारा पोरगा मात्र धूर झाला होता.

तिनारने वाडगा खाली ठेवला. घरात नळाची टिपटिप नाही, रस्त्यावर गाडी नाही. त्याला वाटलं, आपण उठून दाराची कडी पाहावी. मग त्याला त्याची लाज वाटली, आणि मग तो उठलाच.

३

बुरुलचा फोन लागत नव्हता. त्यात नवल नव्हतं, ती गोदामात सामान बांधायच्या कामावर होती, पाळी लांबली की चार-चार दिवस बोलायची नाही. अलीकडे दोघांचं बोलणंही हवापाण्यापलीकडे जात नव्हतं. पण आता त्याला तिचा आवाज हवा होता. नुसता 'हं' म्हणाली असती तरी चाललं असतं.

त्याने तिच्या थोरल्या बहिणीला, सोनुनला, फोन केला. सोनुन शहरातच, अक-ओर्गो वस्तीत राहायची.

"ती झोपलीय," सोनुन म्हणाली.

"झोपलीय? तुला कसं ठाऊक?"

पलीकडे कुणीतरी बोलत होतं, ते थांबलं. "म्हणजे रात्रपाळी होती ना तिची. तू जेवलास का? छातीत दुखत नाही ना आता? गोळ्या घेतोस ना वेळेवर?"

मागच्या वर्षी त्याला छातीच्या दुखण्याने दवाखान्यात ठेवलं होतं. तेव्हा याच सोनुनने साधी विचारपूसही केली नव्हती.

आणि सोनुनच कशाला, सगळेच एकाएकी त्याच्यावर माया करू लागले होते. बेकझातने त्याच्या हाती मटणाचा डबा दिला. बँडचा ढोलवाला, जो कधी कुणाला पाणी विचारायचा नाही, तिनारची पिशवी जिन्यावरून उचलून आणायला लागला. तिनार आत आला की बोलणं तुटायचं. गावाहून थोरल्या काकांचा, जुमादिल काकांचा, फोन आला. "घरीच आहेस ना? कुठे लांब जाऊ नकोस हं बाळा," म्हणाले आणि कारण न सांगता फोन ठेवला.

तिनार मठ्ठ नव्हता. काहीतरी लपवताहेत हे त्याला दिसत होतं. फक्त काय लपवताहेत याचा हिशोब त्याने आपल्या मनाला हवा तसा मांडला. बुरुल परत आलीय. सोनुनकडे उतरलीय, म्हणून तर 'झोपलीय'. दोघांत समेट घडवायचा घाट घातलाय सगळ्यांनी. आणि ती? ती गुपचूप कार्यक्रमाला येऊन उभी राहत असेल. रईसा-आपाही सामील, दुसरं काय! रुमालाआडून बघत असेल, हा माणूस बदललाय का, की अजून त्याचं एक मिनिट संपायचंच आहे.

हा विचार आला आणि तो स्वयंपाकघरात उभ्या उभ्या हसला. कितीतरी दिवसांनी त्याने टेबल पुसलं, खिडकीतले मेलेले किडे झाडले, उशीचा अभ्रा बदलला. दुसऱ्या उशीचाही बदलला.

एक गोष्ट तेवढी बसत नव्हती. ती हलत का नव्हती?

४

तिसऱ्या फोटोत ती समोरून होती.

चेहरा लाल दिव्याच्या सावलीत गेला होता, रुमालाखाली नुसता अंधार. पण कोटाची पुढची बाजू स्वच्छ दिसत होती. तिनारने फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. वरून तिसरं बटण बाकीच्यांसारखं तपकिरी नव्हतं. काळं होतं, जरा मोठं, आणि पांढऱ्या दोऱ्याने शिवलेलं. चार भोकांवर पांढरी फुली.

ते त्यानेच शिवलं होतं. मूळ बटण बसमध्ये तुटून पडलं, तेव्हा स्वतःच्या जुन्या जाकिटाचं काढून लावलं होतं. काळा दोरा घरात नव्हता. बुरुल म्हणाली होती, "राहू दे असंच. गर्दीत हरवले तर ओळखू येईन."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदानेच आलं, पण अंगावर काटाही उभा राहिला, आणि दोन्ही एकाच वेळी कसं होतं ते त्याला कळेना.

तो तडक अक-ओर्गोला गेला. भर दुपार होती. सोनुनच्या दारात चपला-बुटांचा ढीग होता आणि अंगणापासूनच तळणाचा वास येत होता. बोरसोक तळत होते, कणकेच्या त्या छोट्या फुगीर पुऱ्या. घरी कुणी आलं की तळतात, लग्नात तळतात. तिनारने तो वास छातीभर घेतला. कुणी गेलं की त्याच्या नावानेही तेलाचा वास सोडतात, हे त्यालाही ठाऊक होतं, त्याची आईही सोडायची. पण त्या दुपारी त्याच्या मनात ते आलंच नाही.

सोनुन दारात आली आणि दार मागे ओढून घेऊन उभी राहिली. डोळे सुजलेले.

"कांदा चिरत होते," ती आपणहून म्हणाली.

"बुरुल आहे ना आत?"

सोनुनचा हात दाराच्या कडीवरच राहिला. "उद्या ये," ती म्हणाली. "नको, तू येऊ नकोस. आम्हीच येऊ. उद्या."

"मला ठाऊक आहे ती आलीय. फोटोत आहे ती, सोनुन. दर कार्यक्रमाला येते."

आतून एका म्हाताऱ्या माणसाचा खाकरण्याचा आवाज आला, अगदी जुमादिल काकांसारखा. सोनुनने दार किलकिलं करून आतल्या टोपलीतले गरम बोरसोक ओंजळभर घेतले आणि त्याच्या कोटाच्या खिशात कोंबले, लहान मुलाला देतात तसे.

"खा," ती म्हणाली. "तिच्या नावाने खा."

तो बस थांब्यावर उभ्यानेच खाऊ लागला. शेवटचा बोरसोक तोंडात असताना त्याला ते शब्द पुन्हा ऐकू आले, आणि समोर आलेली बस त्याने जाऊ दिली.

५

दुसऱ्या दिवशी घरी थांबून वाट बघायची त्याची छाती झाली नाही. दुपारी कारा-तूझची तालीम होती, तो बॉयलरमध्ये गेला. कॅमेरा फळीवर ठेवला. काच निवळली, गरम झाली. त्याने तो छातीशी धरून ठेवला, नुसताच.

रिकामं तळघर गर्दीतल्यापेक्षा मोठं वाटत होतं. बेकझात तारा जुळवत होता आणि त्याच्याकडे बघायचं टाळत होता.

"तू काहीतरी बोल," तिनार म्हणाला. "शिव्या दे हवं तर. हे काय चालवलंय सगळ्यांनी?"

"तिनार-आके," बेकझात म्हणाला, गावाकडे थोरल्या भावाला हाक मारतात तसं, "मी धाकटा आहे. माझ्या तोंडून नको."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. बरीच, आणि सावकाश. जुमादिल काका आले, त्यांच्यामागे गावचे दोन वडीलधारे, त्यांच्यामागे सोनुन. फरच्या टोप्या, खांद्यावर बर्फ, अंगात जाड कोट. ते खिडकीसमोरून आत आले, तसेच्या तसे. रईसा-आपा उभी होती. तिने कुणाकडेही कोट मागितला नाही.

तिनारला तिथेच कळलं. पुढचं कुणी बोलायची गरजच उरली नाही.

असलं सरळ तोंडाने सांगायची त्यांच्याकडे रीत नाही, गाण्यातून सुचवायचं असतं. काकांनी बेकझातकडे पाहिलं. बेकझातने गिटार खाली ठेवली, भिंतीवर शोभेला टांगलेला तीन तारांचा जुना कोमूझ काढला आणि हलकेच छेडला. पाण्याकाठी थांबलेली सांडणी, कळप पुढे गेलेला, असं काहीसं तो दोन ओळी गायला. बुरुलचं नाव त्यात नव्हतं. मग त्याचा हात तारांवरच थांबला.

"गोदामात रात्री कोसळली," काका शेवटी म्हणाले. "दोन आठवडे झाले. तुझ्या छातीचं दुखणं, म्हणून आम्ही... आज घेऊन आलोय तिला. वर गाडी उभी आहे."

दोन आठवडे. म्हणजे पहिल्या फोटोच्या आधी.

सगळे त्याच्या रडण्याची वाट बघत उभे राहिले. पुरुषाने अशा वेळी मोठ्याने रडायचं असतं. त्याचे हात मात्र आपलं काम करत होते: पाठ नळाला टेकली, कोपरं बरगड्यांशी आली, श्वास थांबला. एवढी स्थिर माणसं त्या तळघरात त्याने कधी पाहिली नव्हती. त्याने बटण दाबलं आणि अर्धा सेकंद जाऊ दिला.

"तिनार," सोनुन म्हणाली. "आता तरी ठेव ते."

तो मागच्या छोट्या पडद्याकडे बघत होता. काका रेखीव आले होते, दाढीतला केस न् केस. बेकझात, कोमूझ, दारातली रईसा-आपा, सगळं खिळ्यासारखं. त्या सगळ्यांच्या पुढ्यात, अगदी त्याच्याजवळ, एक मातकट फराटा होता. त्यात एक काळा ठिपका ओढला जाऊन रेघ झाला होता, आणि रेघेत पांढरी दुसरी रेघ.

ती हलली होती.

येत होती की जात होती, हे फोटोत कळत नाही. पुसटपण दोन्हीकडचं सारखंच असतं. ते कळायला पुढचा फोटो काढावा लागतो. त्याने कॅमेरा डोळ्याला लावला, तर समोर नुसतं पांढरं. त्याने तो उलटा करून पाहिला. तासाभरापूर्वी गरम झालेल्या काचेवर दाट धुकं धरलं होतं. अंगठा टेकवला तर काच बर्फासारखी गार, आत्ताच बाहेरून आणल्यासारखी. त्याच्या डोळ्यांदेखत धुकं कडेकडेने विरलं. आणि पुन्हा चढलं. पुन्हा विरलं, पुन्हा चढलं, सावकाश, झोपेतल्या माणसाच्या श्वासासारखं.

नळ हुंकारत होते. तिनारला अशी भीती आयुष्यात वाटली नव्हती, आणि ती संपू नये असंही कधी वाटलं नव्हतं.

"झालं माझं," तो म्हणाला. कितीतरी वर्षं कुणीतरी हे ऐकायला दारात उभं होतं. "चल. निघू."

"हो बाळा, निघू," जुमादिल काका म्हणाले.

काच निवळली. त्याने वाट पाहिली. ती निवळलेलीच राहिली.

रईसा-आपाने त्याचा कोट आणून त्याच्या अंगावर चढवला, बटणं लावली. काका निघाले, वडीलधारे निघाले, सोनुन बेकझातच्या हाताला धरून जिना चढू लागली. तिनार दाराच्या आत, भिंतीला पाठ लावून थांबला.

"चल ना," रईसा-आपा म्हणाली. "वर थांबलेत सगळे."

"एक मिनिट," तिनार म्हणाला, आणि कोटाच्या खिशातून हात न काढता, जराही न हलता, रिकाम्या तळघराकडे बघत उभा राहिला.